कर नाही त्याला डर कशाला? : सॉफ्टवेअरचा परवाना आणि आपल्या घरातील माहिती



ह्या अंकातील अभ्यासलेखासाठी आम्ही घेतलेला विषय वरवर पाहता संगणकाच्या तासाचा आहे. परंतु त्यात थोडे नागरिकशास्त्र आहे, थोडा कायदा आहे आणि घरखर्चाचा हिशेबही आहे. म्हणून तो मुलांनी घरी मोठ्याने वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

विषय निघण्याचे कारण असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमीचा आधार संपवला. तेव्हापासून अनेक शाळांपुढे, दुकानांपुढे आणि घरांपुढे एकच प्रश्न आहे : आता नवा संगणक घ्यावा, नवा परवाना घ्यावा, की कोणाकडून 'फुकटात टाकून' घ्यावे? ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. आपण रीतसर पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतले, तरी ते अस्सल आहे की नाही हे पाहण्यासाठी कंपनी आपल्या संगणकात किती डोकावू शकते? किती वेळा? आणि आपल्याला सांगून की न सांगता?

यावर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "कर नाही त्याला डर कशाला?" म्हण चांगली आहे, पण ती अर्धाच भाग सांगते. उरलेला अर्धा भाग समजून घेणे हा आजचा धडा.

१. परवाना म्हणजे काय?

आपण बाजारातून वही आणली की ती आपली झाली. सॉफ्टवेअरचे तसे नसते. आपण पैसे देतो ते वापरण्याच्या हक्काचे. मालकी तयार करणाऱ्याकडेच राहते. हा हक्क किती संगणकांवर, किती काळ आणि कोणत्या अटींवर, हे परवान्यात लिहिलेले असते. 'मला मान्य आहे' ह्या चौकोनात आपण न वाचता खूण करतो, तोच हा करार.

आपल्या देशात संगणकाचा प्रोग्रॅम १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली येतो. कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये ग्राहकाचीही बाजू आहे. ज्याने प्रत रीतसर घेतली आहे, तो नुकसानीपासून बचावासाठी तिची राखीव प्रत काढू शकतो. म्हणजे कायद्याने दोघांनाही हक्क दिले आहेत, करणाऱ्याला आणि वापरणाऱ्यालाही.

२. तपासणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत कुलुपाची. जुन्या काळी मराठी-गुजराती छपाईच्या कित्येक सॉफ्टवेअरबरोबर बोटाएवढे एक यंत्र मिळत असे. ते संगणकाच्या मागे लावले तरच सॉफ्टवेअर चालायचे. यंत्र हरवले तर काम बंद, हा त्याचा तोटा. पण हे कुलूप घरातच राहत असे. घरातली खबर बाहेर नेत नसे.

दुसरी पद्धत एकदाच नोंदणी करण्याची. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले तेव्हा ही पद्धत घरोघरी पोहोचली. संगणकाच्या भागांवरून एक आकडा तयार होई आणि तो इंटरनेटने किंवा फोनवरून कंपनीला कळवावा लागे. फोनवर तो ५० आकडी क्रमांक वाचून दाखवताना भल्याभल्यांना घाम फुटे. मात्र हा आकडा असा बनवलेला होता की त्यावरून आपल्या संगणकातील भागांचे मूळ क्रमांक उलट शोधता येऊ नयेत. शिवाय मोठे बदल केले नाहीत तर पुन्हा विचारणा होत नसे.

तिसरी पद्धत वारंवार तपासणीची. येथून आपला खरा विषय सुरू होतो.

३. सन २००५ आणि २००६ मध्ये काय घडले?

मायक्रोसॉफ्टने 'विंडोज जेन्युइन अ‍ॅडव्हांटेज' नावाची योजना आणली. जुलै २००५ पासून कंपनीच्या संकेतस्थळावरून बरेच सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापूर्वी आपले विंडोज अस्सल असल्याची तपासणी करून घेणे सक्तीचे झाले. ह्या तपासणीत विंडोजचा क्रमांक, संगणक बनवणाऱ्या कंपनीचे नाव, संगणकाच्या मूळ चिपमधील माहिती, हार्ड डिस्कचा क्रमांक, भाषा आणि प्रदेश अशा गोष्टी जात. नाव, पत्ता किंवा आपल्या फाइली आम्ही घेत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. सुरक्षेचे महत्त्वाचे अपडेट मात्र स्वयंचलित मार्गाने सर्वांना मिळत राहिले, हेही सांगितले पाहिजे.

एप्रिल २००६ मध्ये ह्याच योजनेचा दुसरा भाग स्वयंचलित अपडेटमधून लोकांच्या संगणकांत उतरू लागला. अस्सल नसलेल्या विंडोजवर सूचना दाखवणे हे त्याचे काम होते. जून २००६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन वाइनस्टाईन यांनी उघड केले की हे साधन रोज कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधते. विंडोज एकदा अस्सल ठरल्यानंतरही हा रोजचा संपर्क चालूच होता.

कंपनीने हे मान्य केले. साधन अद्याप चाचणीच्या अवस्थेत आहे, काही बिघडले तर ते दुरून थांबवता यावे म्हणून हा संपर्क ठेवला आहे, असे कारण तिने दिले. लोकांचा सवाल साधा होता : चाचणी चालू असलेले साधन 'अत्यावश्यक सुरक्षा अपडेट' म्हणून आमच्या घरात का आणले, आणि रोजच्या संपर्काबद्दल आधी का सांगितले नाही? त्याच महिन्यात सिअ‍ॅटलच्या न्यायालयात दावा दाखल झाला. २७ जून २००६ रोजी कंपनीने नवी आवृत्ती काढली, आणि तिच्यातून तो रोजचा संपर्क काढून टाकला.

विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. आक्षेप घेणाऱ्यांत पैसे देऊन अस्सल प्रत घेतलेले लोकही होते. त्यांनी काही लपवले नव्हते. त्यांनी फक्त विचारले, आणि विचारल्यामुळे बदल झाला.

४. चोर सोडून संन्याशाला फाशी

तपासणी यंत्र करते, आणि यंत्राची चूक होऊ शकते. २४ ऑगस्ट २००७ रोजी कंपनीच्या तपासणी सर्व्हरवर माणसाच्या हातून चुकीचा, तयार नसलेला प्रोग्रॅम चढवला गेला. त्यामुळे सुमारे १९ तास अस्सल विंडोजवाल्यांनाही 'तुमची प्रत अस्सल नाही' असे उत्तर मिळत राहिले. विंडोज व्हिस्टा वापरणाऱ्यांच्या काही सोयीही बंद पडल्या. बाधित संगणक बारा हजारांपेक्षा कमी होते, असे कंपनीने नंतर सांगितले. जगाच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण ज्याने पावती जपून ठेवली आहे, त्याला पडद्यावर चोर ठरवले जावे, ही गोष्ट त्या माणसाला लहान वाटत नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये चीनमध्ये वेगळाच प्रकार झाला. अस्सल न ठरलेल्या विंडोजचा पडदा तासातासाला काळा होऊ लागला. काम थांबत नसे, पार्श्वभूमी फक्त काळी होई. तरी तेथे मोठा गदारोळ झाला आणि एका वकिलाने सरकारकडे तक्रार केली. चोरीचे समर्थन कोणीच करू नये. पण माझ्या घरातील पडद्यावर दुरून दुसऱ्याचा हात चालतो, ही जाणीव त्या लोकांना प्रथमच इतकी स्पष्ट झाली.

५. आक्षेप नेमका कशाला आहे?

आपल्या सुरतेतील उदाहरण घेऊ. रिंग रोडच्या कापड बाजारातून मालाची गाडी निघते. पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालाबरोबर ई-वे बिल असते. रस्त्यात अधिकारी गाडी थांबवतो, बिल पाहतो, माल जुळतो का ते पाहतो आणि गाडी सोडतो. ह्याबद्दल कोणी प्रामाणिक व्यापारी कुरकुर करत नाही. पण तोच अधिकारी रोज सकाळी व्यापाऱ्याच्या घरी येऊन, न सांगता, ओसरीवर बसून राहिला तर? "तुझे बिल खरे असेल तर माझ्या बसण्याला हरकत काय?" असे तो म्हणाला तर? तपासणी आणि पाळत ह्यांत हाच फरक आहे.

कोणी म्हणेल की संगणकाच्या डिस्कचा क्रमांक म्हणजे काय मोठे गुपित? विद्यार्थी मित्रांनो, तुमचा जी.आर. नंबर आठवा. तो नुसता आकडा आहे. रस्त्यावर कोणाला सांगितला तर त्याला काही कळणार नाही. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तोच आकडा उघडला की नाव, जन्मतारीख, जात, पालकांचे नाव, आधीची शाळा, सगळे समोर येते. आकडा निरुपद्रवी असतो तो रजिस्टर दूर असेपर्यंत. म्हणून विचारायचे ते असे : हा आकडा ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे दुसरे कोणते रजिस्टर आहे? आज विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीत सुरुवातीलाच इंटरनेट आणि कंपनीचे खाते मागितले जाते. परवाना ह्या खात्याशी जोडता येतो, आणि खात्याला ईमेल, जन्मतारीख, फोन जोडलेला असू शकतो. २००६ साली आकडा एकीकडे आणि माणूस दुसरीकडे होता. आता दोघे एकाच पानावर येऊ शकतात.

न्यायालयांनाही ह्याचे उत्तर सोपे गेलेले नाही. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आयपी पत्ता म्हणजे एक क्रमांक असतो. सिअ‍ॅटलच्या त्या दाव्यात २००९ मध्ये न्यायाधीशांनी म्हटले की हा क्रमांक संगणक ओळखतो, माणूस नव्हे, म्हणून ती व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती नाही. पुढे २०१० मध्ये दावा निकाली निघाला आणि कंपनीची सरशी झाली. उलट, युरोपीय संघाच्या न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी सांगितले की बदलता आयपी पत्तासुद्धा काही परिस्थितीत व्यक्तिगत माहिती ठरू शकतो. एकच आकडा, पण दोन ठिकाणी दोन न्याय.

६. कंपनीचीही बाजू ऐकू या

हिंदीत म्हणतात, दूध का दूध और पानी का पानी. न्याय करायचा तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. सॉफ्टवेअर बनवायला हजारो माणसांचे श्रम लागतात. नकली सीडी अस्सल म्हणून विकणारे लोक ग्राहकालाही फसवतात. घेणाऱ्याला आपण फसलो हे तपासणी झाल्यावरच कळते. म्हणून तपासणी मुळातच अन्याय आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

टीकेतून कंपनीही काही शिकली. ऑक्टोबर २००७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ७ साठीची सक्तीची तपासणी तिने काढून टाकली. २०१० मध्ये विंडोज ७ साठी नवे तपासणी साधन आले, तेव्हा ते ऐच्छिक असल्याचे आणि साधारण ९० दिवसांनी पुन्हा तपासणी होईल हे तिने आधीच जाहीर केले. जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण संस्थेने विंडोज १० गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करते अशी नोटीस दिली. कंपनीने सर्वांत खालच्या पातळीवर घेतली जाणारी माहिती जवळजवळ निम्म्यावर आणली, आणि जून २०१७ मध्ये ते प्रकरण बंद झाले.

आता पालकांनी नीट लक्ष द्यावे असा मुद्दा. "कंपनी डोकावते, मग आपण क्रॅकच टाकू" हा युक्तिवाद आम्ही वस्तीत अनेकदा ऐकला आहे. तो आगीतून फुफाट्यात नेणारा आहे. कुलूप तोडून देणारा प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी बहुधा 'अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना असते. म्हणजे राखणदाराला झोपवून अनोळखी माणसाला घराची किल्ली द्यायची! कंपनीला निदान नाव आहे, पत्ता आहे, तिच्यावर दावा लावता येतो. क्रॅक बनवणाऱ्याला कोठे शोधणार? आणि ज्या संगणकावर मुलांचे फोटो, बँकेचा पासवर्ड, आधार कार्डाची प्रत आहे, तेथे तो काय काय नेत असेल, ह्याचा करार कोठेच लिहिलेला नसतो.

७. आपला कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी न्या. पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्या पीठात न्या. शरद बोबडे आणि न्या. धनंजय चंद्रचूड ही आपल्या महाराष्ट्राची माणसेही होती. ह्या निकालाने "कर नाही त्याला डर कशाला" ह्या म्हणीचा उरलेला अर्धा भाग पूर्ण केला, असे आम्हांस वाटते. खासगीपणा मागायला गुन्हेगार असावे लागत नाही. दार लावून घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरात चोरीचा माल नसतो.

त्यानंतर ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. ह्या कायद्यातील तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत :

(अ) माहिती कशासाठी घेतली जात आहे हे आधी सांगितले पाहिजे, आणि त्या कामापुरतीच संमती धरली जाईल.

(आ) ही सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय दिली पाहिजे. मराठी आणि गुजराती दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. "इंग्रजी कळले नाही म्हणून खूण केली" असे आपल्या आईवडिलांना म्हणावे लागू नये, हा त्यामागील हेतू.

(इ) अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना आई, वडील किंवा पालक यांची पडताळता येईल अशी संमती लागते. काही सवलती आहेत, पण मूळ नियम हा आहे.

८. मग आपण काय करावे?

विद्यार्थ्यांनी : 'मान्य आहे' दाबण्यापूर्वी माहितीविषयीचा परिच्छेद वाचावा. समजला नाही तर संगणकाच्या शिक्षकांना विचारावे. घरातील संगणकाच्या सेटिंगमध्ये 'खासगीपणा' ह्या भागात जाऊन ऐच्छिक माहिती पाठवणे चालू आहे का ते पालकांसमोर पाहावे, आणि त्यांनी सांगितल्यास बंद करावे.

पालकांनी : संगणक घेताना पक्के बिल आणि परवान्याचा क्रमांक मागावा, व दोन्ही शिधापत्रिकेइतके जपावेत. यंत्र चुकले तर हीच आपली साक्ष. मुलाच्या नावाने खाते उघडायचे असेल तर ते स्वतः शेजारी बसून उघडावे.

विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती अशी : शाळेच्या कार्यालयातील संगणकावर मुलांचे दाखले, गुणपत्रके, जन्मतारखा आणि पालकांचे मोबाइल नंबर आहेत. ही माहिती पालकांनी शाळेच्या विश्वासावर दिलेली ठेव आहे. म्हणून (१) कार्यालयात परवाना घेतलेले सॉफ्टवेअरच असावे, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवावी. (२) खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत : तपासणीत काय जाते, किती वेळा जाते, आणि इंटरनेट नसेल तर काम चालते का? (३) मुलांच्या संगणक कक्षात मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करावा. त्याला परवान्याचे पैसे नाहीत, अस्सलपणाची तपासणी नाही, आणि त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो. केरळ राज्याने २००१ मध्ये सुरू केलेल्या 'आयटी अ‍ॅट स्कूल' उपक्रमातून तेथील सरकारी शाळा पुढे लिनक्सवर आल्या. आपल्या गुजरात बोर्डाच्या उच्च माध्यमिक संगणक विषयाच्या पुस्तकांतही उबुंटू लिनक्सवर पाठ आलेले आहेत. लिब्रेऑफिस तर मराठीतूनही वापरता येते. अर्थात, कार्यालयातील काही कामे विंडोजवरच चालतात. तेथे वरचे दोन नियम पाळावेत.

प्रामाणिकपणे दाम मोजणे हे आपले कर्तव्य आहे. दाम मोजल्यावर "तुम्ही माझ्या घरातून काय नेता?" असे विचारणे हा आपला हक्क आहे. जो पहिले करतो, त्याला दुसरे अधिक ताठ मानेने करता येते. आपली मुले ह्या दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकली, तर संगणक कक्षावरील खर्च सत्कारणी लागला असे आम्ही समजू.

स्वाध्याय

१. घरात दाम मोजून घेतलेले आणि मोफत असलेले सॉफ्टवेअर कोणते, ह्याची दोन रकान्यांत यादी करा.

२. एकदाच नोंदणी आणि वारंवार तपासणी ह्यांतील फरक आपल्या शब्दांत, पाच ओळींत लिहा.

३. 'कर नाही त्याला डर कशाला' ह्या म्हणीच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा. वर्गात त्यावर वादविवाद घेतला जाईल.

४. ऑगस्ट २००७ मधील घटनेत तुमचा संगणक 'अस्सल नाही' ठरला असता, तर तुम्ही कंपनीला कसे पत्र लिहिले असते? पत्र मराठीत लिहा.

५. (पालकांसाठी) मोबाइलमधील कोणत्याही एका अ‍ॅपची माहितीविषयीची सूचना मुलांबरोबर वाचा. ती मराठीत उपलब्ध आहे का ते पाहा, आणि पालकसभेत आम्हांस सांगा.

आपले विनीत,
मुख्याध्यापक